आगोटीत वादळाचाही वाटा काढा

कोकण किनाऱ्यावर, खाडीकाठी आणि मागच्या डोंगरवाड्यांत राहणाऱ्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे. मे अर्धा सरला आहे. घरोघर आगोटीची कामे निघाली असतील. तांदळाला ऊन दाखवून तो पिंपात भरणे, बोंबील-सोडे डब्यात घालणे, लाकडे पडवीत रचणे, घर शाकारून घेणे ही सगळी कामे आता हातात असतील. याच कामांत यंदा चक्रीवादळाची तयारीही धरा आणि ती महिना संपायच्या आत उरका. वादळाची खबर आली की बघू, असे कृपा करून म्हणू नका. खबर आणि वादळ यांच्यामध्ये आपल्या हाताशी जेमतेम दोन दिवस उरतात, आणि त्या दोन दिवसांत अख्खा तालुका एकाच बाजारात ताडपत्री, सेल आणि मेणबत्त्या मागत उभा असतो.

२०२० सालचे ‘निसर्ग’ आठवा. १ जूनला अरबी समुद्रातला कमी दाब तीव्र झाला, २ जूनच्या दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या पट्ट्यातून आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड-दापोलीतून गेला. पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. संध्याकाळपर्यंत वारा पडलाही होता. वीज मात्र गेली ती गेलीच. कुठे आठवडाभराने आली, कुठे पंधरा दिवसांनी, आणि आडबाजूच्या कित्येक वाड्यांना त्याहूनही कितीतरी जास्त थांबावे लागले. डोक्यावर छप्पर नाही, वरून पावसाळा सुरू झालेला, विहिरीत पाणी असून पंप बंद, फोन मेलेले आणि रात्री मिट्ट काळोख. त्या दिवसांत माणसे सर्वांत जास्त थकली ती याच गोष्टींनी.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की वाऱ्याच्या त्या चार-सहा तासांची तयारी कराच, पण खरी बेगमी त्यानंतरच्या पंधरा दिवसांची करा. वीज नाही, नळ नाही, नेटवर्क नाही आणि रस्ता बंद आहे, असे धरून घर लावा.

हे एकदा झाले, आता पुन्हा कशाला होईल, असा विचार मनात येतो. तो काढून टाका. नोव्हेंबर २००९मध्ये ‘फयान’ आले, डिसेंबर २०१७मध्ये ‘ओखी’, ऑक्टोबर २०१९मध्ये ‘क्यार’ने दूर समुद्रातूनच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर लाटा चढवल्या, जून २०२०मध्ये ‘निसर्ग’, आणि त्याला वर्ष व्हायच्या आत मे २०२१मध्ये ‘तौक्ते’. ‘तौक्ते’ तर किनाऱ्याला न लागता गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, मुंबईच्या समोरून गुजरातकडे गेले, तरी वाटेत घरे, बागा, होड्या आणि विजेच्या तारा मोडत गेले. अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेले पाणी हेच चक्रीवादळाचे खाद्य आहे. पूर्वी वादळे बंगालच्या उपसागराची, आपल्याकडे नाहीत, असे वडीलधारी मंडळी सांगत. तो भरवसा आता उरलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडावरचे मे-जून आणि पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर, असे वर्षातून दोनदा आपल्याला सावध राहायचे आहे.

वीज परत यायला इतके दिवस का लागतात, हे समजून घ्या, म्हणजे बेगमी किती करायची ते आपोआप कळेल. उपकेंद्रातून वीज निघते, ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवरून गावच्या डीपीपर्यंत येते आणि तिथून खांबाखांबाने आपल्या मीटरपर्यंत. आपल्याकडे या तारा माडांच्या आगरांतून, आंब्या-फणसांखालून आणि रानातून जातात. एक जुना आंबा तारेवर पडला की तार ताणून शेजारचे दोन-तीन खांब ओढून घेतो. मग आधी रस्त्यावरची झाडे कापायची, तेव्हा कुठे गाडी आत येणार. गाडी जिथे थांबेल तिथून पुढे सिमेंटचा खांब माणसांनी खांद्यावर घेऊन पाखाडी चढायची. भर पावसात चिखलात खड्डा काढायचा. दुरुस्तीही वरून खाली येते. आधी उपकेंद्र आणि मोठ्या वाहिन्या, मग रुग्णालय, पाणीयोजना, बाजारपेठ, आणि वाड्यांचा नंबर त्यानंतर. तुमची वाडी लाइनच्या शेवटच्या टोकाला असेल तर वीजही शेवटी येणार, हे आजच धरून चला. आपला वायरमन यात हयगय करत नसतो. त्याचे स्वतःचे घरही बहुतेक वेळा उघडेच पडलेले असते.

आता पाणी. अन्नापेक्षा आणि उजेडापेक्षा आधी पाणी. कोकणात घरोघर विहीर आहे आणि तिथेच आपण फसतो, कारण विहिरीवरचा रहाट कधीच गेला आणि पाणी आता बटण दाबल्यावर येते. ‘निसर्ग’नंतर कित्येक गावांत लोकांना भाड्याच्या जनरेटरवर पंप चालवून टाक्या भराव्या लागल्या. तेव्हा या आठवड्यात विहिरीवर लोखंडी कप्पी बसवून घ्या, पोहरा आणा आणि विहिरीच्या तळापर्यंत पुरेल एवढा जाड दोर घ्या. मेमधले पाणी खोल असते, म्हणून दोर आत्ताच सोडून बघा. घरात बोअरवेल असेल तर तिच्यातून पोहऱ्याने पाणी निघणार नाही, त्यामुळे शेजारच्या कोणत्या विहिरीवर जायचे ते त्या घराशी आधीच बोलून ठेवा.

साठ्याचा हिशोब सोपा आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. चार माणसांच्या घराला दहा दिवसांसाठी दोनशे लिटर, म्हणजे झाकणाचे एक मोठे निळे पिंप. हे पाणी वेगळे आणि झाकून ठेवायचे. धुण्याभांड्याला आणि संडासाला यातला थेंबही वापरायचा नाही. त्यासाठी हंडे, कळश्या, बादल्या, टाकी, जे जे भरता येईल ते भरा. छपरावरची प्लॅस्टिकची टाकी तर काठोकाठ भराच. भरलेली टाकी जागेवर बसते, रिकामी वाऱ्याबरोबर उडते आणि दुसऱ्याच्या कौलांवर पडते. वादळानंतर पिण्याचे पाणी उकळूनच प्या. आरोग्य केंद्रातून क्लोरीनचे औषध आधी आणून ठेवा आणि त्याच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरा. ज्यांच्या विहिरीत समुद्राचे किंवा पुराचे पाणी शिरेल, त्यांनी ती उपसून, टीसीएल टाकून, ग्रामपंचायतीकडून तपासून घेतल्याशिवाय ते पाणी तोंडी लावू नये. वादळानंतर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती अशाच पाण्यातून.

घराच्या छपराकडे बघा. शाकारणी करताना फुटकी कौले बदलतोच, त्याबरोबर वासे-रिपांकडेही लक्ष द्या. वाळवीने पोखरलेला वासा पावसाला टिकेल, वाऱ्याला टिकणार नाही. वारा छपराला वरून दाबत नाही, तर पागोळीच्या कडेखाली शिरून ते उचलतो. म्हणून कडेची आणि कोनाची कौले तारेने रिपेला बांधून घ्या. पत्र्याच्या घरांत हुक गंजलेले असतील तर बदला, कडेच्या ओळीत जास्तीचे मारा. पडवीवरचा, गोठ्यावरचा, मांडवावरचा सुटा पत्रा आत्ताच काढून जमिनीवर ठेवून त्याच्यावर दगड घाला. वाऱ्यात उडणारा पत्रा माणसाला कापतो. अंगणातल्या कुंड्या, बाकडी, सायकल, शिडी, जे जे हलते ते घरात घ्या. आणि घराचे सगळे छप्पर झाकेल एवढी एक चांगली ताडपत्री, सुतळी आणि बांधायची तार घरात आणून ठेवा. वादळानंतर ती मिळत नाही, मिळाली तर अवाच्या सवा भावाने मिळते, आणि छप्पर गेलेल्या घरात पहिल्याच रात्री पाऊस पडतो.

माडांच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ आताच उतरवून घ्या. घरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या उतरवा. पण फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर तिला हात लावू नका, महावितरणला कळवा आणि तार बंद करूनच ते काम होऊ द्या. दरवर्षी ओल्या बांबूने तारेवरची फांदी काढताना माणसे जातात. असे मरण कुणाला येऊ नये.

खाण्याची बेगमी आगोटीत होतेच, त्यामुळे तिच्यावर फार सांगत नाही. एवढेच बघा की चुलीशिवाय खाता येईल असेही काही असावे. पोहे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, लाडू, बिस्किटे ठेवा. लहान मूल असेल तर दुधाची पावडर घ्या. गॅसचा भरलेला सिलिंडर घरात असू द्या आणि चुलीची थोडी लाकडे घरात, कोरड्या जागी ठेवा, कारण पडवीतली भिजणार. तांदळाचे पिंप जमिनीवर न ठेवता फळीवर घ्या. फ्रीजचा भरवसा धरू नका. दार न उघडल्यास आतला थंडावा चार तास टिकतो, त्यानंतर दूध-मासे-मटण खाण्याजोगे राहत नाही. वादळ येणार हे कळले की असे सगळे आधी संपवा.

उजेडासाठी बॅटरी आणि जास्तीचे सेल घ्या. जमल्यास सौर दिवा घ्या. दिवसा अंगणात ठेवला की रात्री चालतो आणि महिनाभर वीज आली नाही तरी अडत नाही. मेणबत्ती आणि कंदील लावाल तर ताटात, मधोमध, पोरांच्या हातापासून दूर लावा. लाकडी माळा, वाळलेले गवत आणि ताडपत्री असलेल्या घरात एक कलंडलेली मेणबत्ती पुरते. इन्व्हर्टर चार-सहा तासांत संपतो, म्हणून त्याच्यावर टीव्ही-पंखे न लावता तो फोन आणि एखाद्या दिव्यासाठी राखून ठेवा.

फोन पूर्ण भरून ठेवा, पॉवर बँकही भरा, आणि वादळ सुरू झाल्यावर फोन बंद ठेवून ठरावीक वेळी उघडा. नेटवर्क शोधत राहिलेला फोन लवकर मरतो. बोलणे लागत नसेल तेव्हाही साधा मेसेज बऱ्याचदा जातो. गाडी किंवा रिक्षा असेल तर तिच्या बॅटरीवर फोन भरता येतो, त्याची पिन आधी घेऊन ठेवा. मोबाइलचे मनोरे पडले की काहीच चालत नाही, म्हणून सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ घ्या. आकाशवाणीवरून हवामान विभागाचे इशारे मिळत राहतात. महत्त्वाचे नंबर फोनमध्ये असून उपयोग नाही, ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२, महावितरण १९१२, आणि आपले सरपंच, पोलीस पाटील, वायरमन, आशाताई. वीज नसली की एटीएम बंद आणि मोबाइलवरून पैसे देणेही बंद. तेव्हा दोन-तीन हजार रुपये, तेही सुट्या नोटांत, घरात असू द्या.

औषधांकडे फार कमी घरे आधी बघतात. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, हृदयविकार यांच्या गोळ्या निदान महिनाभर पुरतील एवढ्या आणा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे की वीज गेल्यावर ते कसे सांभाळायचे. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर टिकते, पण उन्हात किंवा उकाड्यात नाही. ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पाण्याला न लागता, कोरड्या डब्यात घालून ठेवली की ती गार राहते. ज्यांना घरी ऑक्सिजनचे यंत्र लागते, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्या बाईचे दिवस भरत आले आहेत, त्यांनी वादळाचा इशारा येताच रुग्णालय असलेल्या गावी नातेवाइकांकडे जावे. रस्त्यावर झाडे पडली की रुग्णवाहिका येऊ शकत नाही. १०८ला कितीही फोन केले तरी नाही.

कागदपत्रे प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून एका डब्यात ठेवा: आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, विम्याचे कागद. आणि एक काम आजच करा. घराचे चारही बाजूंनी, आतून, छपराचे आणि वाडीचे फोटो काढा, आणि झाडे मोजून लिहून ठेवा, माड किती, पोफळी किती, आंबे किती, काजू किती. नंतर पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा आडव्या पडलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या वाडीत काय होते आणि किती होते हे सांगणे अवघड जाते, आणि आपलेच हक्काचे आपल्याला मिळत नाही. फोटो मुंबई-पुण्याच्या आपल्या माणसालाही पाठवून ठेवा.

इशारा आल्यावरचे सांगतो. हवामान विभाग साधारण तीन दिवस आधी पहिली पूर्वसूचना देतो, मग दोन दिवस आधी आणि एक दिवस आधी इशारे वाढत जातात. पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा लाल होईपर्यंत वाट बघत बसू नका. बंदरावर बावटा चढला की होड्या वर ओढा, दुहेरी दोराने बांधा, जाळी आणि इंजिने उंचावर न्या. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते आणि हंगामाच्या शेवटच्या फेऱ्या मेअखेर चालू असतात, म्हणून हे दिवस जास्त जोखमीचे. समुद्रात असलेल्यांनी जवळचे बंदर गाठावे. एका फेरीच्या मासळीसाठी जीव घालू नये.

किनाऱ्याला लागून, खाडीच्या काठी, सखल जागी राहणाऱ्यांनी प्रशासनाने सांगितले की निघायचे, वाद घालायचा नाही. वादळाबरोबर समुद्र चढतो, आणि त्याच वेळी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण असेल तर पाणी कुठवर येईल हे जुन्या खुणांवरून ओळखता येणार नाही. कच्च्या घरांतल्या लोकांनी शाळेत, समाजमंदिरात किंवा शेजारच्या स्लॅबच्या घरात जावे. आपण कुठे जाणार आणि कुणाबरोबर जाणार हे घरातल्या लहानांनाही आज सांगून ठेवा. निघताना मेन स्विच पाडा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, गुरांची दावी सोडा. गोठ्यात बांधलेले जनावर गोठ्याखाली मरते, मोकळे जनावर आपली जागा शोधते.

घरातच राहणार असाल तर खिडक्या-दारे लावून, काचांपासून लांब, माजघरासारख्या आतल्या आणि मजबूत खोलीत सगळे एकत्र बसा. वारा एकाएकी पडला आणि आभाळ उजळले, तर वादळ गेले असे समजून बाहेर धावू नका. तो वादळाच्या मधल्या भागाचा खंड असू शकतो. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने, तेवढ्याच जोराने परत येतो, आणि पहिल्या फेरीत खिळखिळे झालेले सगळे दुसऱ्या फेरीत पडते. रेडिओवर वा अधिकाऱ्यांकडून खात्री झाल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका. व्हॉट्सअॅपवर त्या वेळी जुनी, दुसऱ्या ठिकाणची चित्रे फिरत असतात, ती पुढे पाठवू नका.

वादळ गेल्यावरचा पहिला तास धोक्याचा असतो. घर पाहायला, वाडी पाहायला माणसे धावत सुटतात आणि वाटेत पडलेल्या तारेवर पाय पडतो. लाइट गेली आहे म्हणून तार मेलेली आहे, असे कधीही समजू नका. तार दिसली की तीस-चाळीस फूट लांब राहा, इतरांना थांबवा, १९१२ला किंवा वायरमनला कळवा. ओली जमीन, तारेचे कुंपण, कपडे वाळत घालायची तार, पडलेले झाड, या सगळ्यांतून करंट येतो. कुणाला शॉक लागला तर त्याला हाताने ओढू नका, आधी वीज बंद झाल्याची खात्री करा.

जनरेटरबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्या प्रत्येकाने ऐकाव्यात अशी विनंती आहे. पहिली गोष्ट, तो कधीही घरात, पडवीत, ताडपत्रीखाली किंवा खिडकीशी चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्यातही हाच धोका आहे. दुसरी गोष्ट, जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसून सगळे घर चालू करू नका. ती वीज उलटी मीटरमधून बाहेर जाते, आणि डीपीमध्ये शिरली की २३० व्होल्टची ११ हजार व्होल्ट होते. तिकडे खांबावर आपला वायरमन, लाइन बंद आहे या भरवशाने, उघड्या हाताने तार जोडत असतो. जनरेटरवर जे चालवायचे त्याची वायर थेट जनरेटरलाच लावा, आणि मेन स्विच पाडलेलाच ठेवा.

ओल्या कौलांवर, शेवाळलेल्या पत्र्यावर घाईने चढू नका. वाऱ्याने जे मोडले नाहीत ते पाय छपरावरून पडून मोडतात. सोबत कुणी असेल, पाऊस थांबला असेल, तेव्हाच ताडपत्री टाका. सिमेंटचे पत्रे माणसाच्या वजनाने फुटतात, त्यांच्यावर आडवी फळी टाकल्याशिवाय पाय देऊ नका. पालापाचोळ्यात आणि ढिगाऱ्यात साप आलेले असतात, हात घालण्याआधी काठीने हलवा. साप चावलाच तर मांत्रिक नको, थेट ग्रामीण रुग्णालय.

मुंबई-ठाण्याच्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे गावचे आहे म्हणून सोडून देऊ नये. वीज गेली की पंप बंद, आणि वरच्या मजल्यांना पाणी नाही. लिफ्टमध्ये माणसे अडकतात, म्हणून वादळात लिफ्ट वापरू नका. बाल्कनीतल्या कुंड्या आणि खिडकीवरचे सुटे पत्रे आत घ्या. गाडी झाडाखाली लावू नका. सोसायटीने गच्चीवरची टाकी, जनरेटरचे डिझेल आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींची यादी आजच बघून ठेवावी.

माझी सर्वांत मोठी विनंती मात्र मुंबई, पुणे, बडोदे, दुबई, अमेरिका, जिथे असाल तिथल्या चाकरमान्यांना आहे. गावातली कितीतरी घरे आज सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांची आहेत, काही तर एकाच माणसाची. शिडीवर चढून कौले बांधणे, पिंप भरणे, झावळ्या उतरवणे त्यांच्याकडून होणार नाही, आणि ते तुम्हाला तसे सांगणारही नाहीत. सगळे ठीक आहे, काळजी करू नकोस, हेच त्यांचे उत्तर असते. ‘निसर्ग’ आले तेव्हा टाळेबंदी होती, रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते, आणि कित्येक मुलांना आई-वडील धड आहेत की नाहीत एवढे कळायलाही दिवस मोजावे लागले. या रविवारी जमत असेल तर स्वतः जा. आंबे आणायला जातोच आपण, त्याच फेरीत छप्पर, विहीर, औषधे, पिंप बघून या. जमत नसेल तर गड्याची मजुरी पाठवा आणि काम झाल्याचे फोटो मागवा. इशारा आला आणि घर कच्चे असेल, तर हट्ट करून त्यांना हलवा.

वाडीतल्या तरुणांनी आणि महिला मंडळांनी आपल्या वाडीचे घरनिहाय टिपण करावे. एकटे कोण आहे, अंथरुणाला कोण खिळले आहे, कुणाला चालता येत नाही, कुणाकडे स्लॅबचे घर आहे, कुणाकडे झाडे कापायची मशीन, जनरेटर, जीप आहे, ते सगळे त्यात हवे. प्रत्येक एकट्या घरामागे एका शेजाऱ्याचे नाव लावा. वादळाआधी त्यांना घेऊन येणे आणि वादळानंतर सर्वांत आधी त्यांच्या दारात जाणे, ही जबाबदारी त्या नावाची.

आणि चाकरमान्यांनो, आज संध्याकाळी आई-बाबांना फोन कराल तेव्हा नुसती चौकशी करून ठेवू नका. विहिरीला दोर आहे का, गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, ताडपत्री घरात आहे का, रात्री अडलेच तर कुणाकडे जाल, हे एकेक करून विचारा. ज्या शेजाऱ्याचे नाव ते घेतील, त्याचा नंबर कागदावर उतरवून घ्या, त्याला लगेच दुसरा फोन लावा आणि तो आपल्या घरी जाणार आहे हे त्याच्याच तोंडून पक्के करून घ्या.